सड्यावर झाडे का वाढत नाहीत?

आषाढात देवरूखहून मार्लेश्वरला निघालेल्या माणसाला सह्याद्रीच्या काळ्या कड्यावरून पांढऱ्या धारा उतरताना दिसतात. या कड्यांच्या माथ्यावरचे रान चांदोली राष्ट्रीय उद्यानाचे आहे. २००४ साली घोषित झालेले हे उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात उद्यान बंद असते, त्यामुळे धबधबे भरात असताना पाहण्याची खरी सोय कोकणातूनच, म्हणजे खालूनच आहे. घाटावरच्यांनी याचा हेवा करावा!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक आडवे बसले आहेत. कठीण थराचा उभा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याची पायरी होते आणि पाणी टप्प्याटप्प्याने उतरते.

माथ्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे दाट सदाहरित जंगल आहे. ते चालता चालता अचानक संपते आणि मोकळा सडा, म्हणजे खडकाळ सपाट पठार, सुरू होतो. भाद्रपदात फुलांनी भरलेला सडा पाहून उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची आठवण होणे साहजिक असले, तरी दोन्हींमागचे कारण अगदी वेगळे आहे. तेथे साडेतीन हजार मीटरच्या आसपास वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान सुमारे ६ अंशांवर येते आणि त्याहून थंडीत झाडाला नवे लाकूड घडवता येत नाही. चांदोलीचा माथा मात्र जेमतेम हजार मीटर उंच आहे. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे धरले तर किनाऱ्यापेक्षा येथे तेवढाच फरक पडतो. समुद्रावरून आलेल्या दमट वाऱ्याचे ढग होण्यास तो पुरतो, पण झाडे अडवण्यास नाही.

येथे झाडे अडतात ती दगडामुळे. पावसाने क्षार धुऊन नेल्यावर लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरून जो जांभा तयार होतो, तोच या सड्यांवर पसरलेला आहे. रत्नागिरीत घराच्या भिंतींना लागतो तोच. त्यावर माती बोटभरच. ती चार महिने पाण्याखाली असते आणि चैत्रात तव्यासारखी तापते, त्यामुळे झाडाचे मूळ कोठेच ठरत नाही.

अशा निकस मातीत नायट्रोजनही फारसा मिळत नाही. म्हणूनच ‘सीतेची आसवे’ ही नाजूक निळी-जांभळी फुले येणारी वनस्पती कीटकभक्षी झाली आहे. तिच्या बारीक पिशव्यांतील पाणी आधीच बाहेर काढलेले असते. सूक्ष्म जीवाचा दाराशी धक्का लागताच दार उघडते आणि पाण्यासह तो आत ओढला जातो.