रात्री नऊची रूम: पबजी खेळणारी पोरं टीम कशी झाली

पबजी मोबाइलच्या आणि त्याच्या भारतातल्या नव्या अवताराच्या, म्हणजे बीजीएमआयच्या, स्पर्धांचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण बक्षिसाच्या रकमेपासून सुरुवात करतात. २०१८ मध्ये ५० लाख, २०१९ मध्ये एक कोटी, २०२२ मध्ये दोन कोटी. आकडे खरे आहेत, पण त्यातून एक गोष्ट कळत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर बसून टाइमपास म्हणून खेळणारी चार पोरं शिस्तीत खेळणारी टीम कधी आणि कशी झाली? माझ्या मते त्याचं उत्तर मोठ्या स्टेजवर सापडत नाही. ते कस्टम रूममध्ये, म्हणजे पोरांनी स्वतः उघडलेल्या खासगी सामन्यांत, आहे.

आधी थोडं मागे जाऊ. मूळ पबजी संगणकावरचा. ब्रेंडन ग्रीनच्या कल्पनेतून कोरियातल्या ब्लूहोल कंपनीने तो मार्च २०१७ मध्ये आणला. आपल्याकडे त्याची हवा यूट्यूबपुरतीच होती, कारण तो चालेल असा पीसी मोजक्याच घरांत होता. १९ मार्च २०१८ ला टेन्सेंटने मोबाइलवरचा पबजी जगभर खुला केला आणि चित्र पालटलं. जमीन आधीच तयार होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा मोजून वापरायची सवय सुटली होती. त्यात ऑगस्ट २०१८ मध्ये पोको एफवन २०,९९९ रुपयांपासून मिळायला लागला. तेव्हाचा महागड्या फोनमधला प्रोसेसर त्या किमतीत! गेमिंगसाठी घरच्यांकडे फोन मागायचा तर पोरं याच फोनचं नाव घेत. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं त्यांनी फ्री फायर धरला. कमी रॅमवर चालणारा, ५० खेळाडूंचा, दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारा. गावाकडे त्याचा जोर पबजीपेक्षा कमी नव्हता.

सुरुवातीचा खेळ म्हणजे क्लासिक, गेममधला नेहमीचा सर्वांना खुला सामना. शंभर जण विमानातून उडी मारणार, आपण मॅपवरच्या पोचिंकी गावात उतरणार, मिळेल ती बंदूक घेणार आणि धावत सुटणार. गंमत अशी की या शंभरातले बरेच बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खोटे खेळाडू, असायचे, विशेषतः खालच्या टियरमध्ये, म्हणजे खालच्या रँकला. सरळ रेषेत चालणारे आणि समोर उभं राहून हवेत गोळ्या झाडणारे. त्यामुळे पंधरा-वीस किल मारून चिकन डिनर घेतलेल्या, म्हणजे मॅच जिंकलेल्या, प्रत्येकाला आपण आता प्रोच झालो असं वाटायचं. जे खरंच नेटाने खेळले ते काँकररपर्यंत, म्हणजे सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशेत, पोचले. पण काँकरर होण्यासाठी मरायचं नसतं, एवढंच. झोनच्या, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाच्या, कडेला गाडीत बसून, गवतात लोळूनही काँकरर झालेले लोक आहेत. टियर म्हणजे कौशल्य नव्हे, हे पहिल्यांदा कळलं ते रूममध्ये.

कस्टम रूमची सोय गेममध्येच होती. ज्याच्याकडे रूम कार्ड आहे त्याने रूम उघडायची, मॅप निवडायचा आणि आयडी-पासवर्ड वाटायचा. पोरांनी या साध्या सोयीतून अख्खी व्यवस्था उभी केली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि पुढे डिस्कॉर्डवर दुपारीच स्लॉट बुक व्हायचे. संध्याकाळी स्लॉट लिस्ट पडायची: सोळा-अठरा टीमची नावं आणि प्रत्येकीचा नंबर. रात्री नऊची मॅच असेल तर पावणेनऊच्या सुमारास आयडी-पासवर्ड यायचा. आपल्याच नंबरच्या स्लॉटवर बसायचं, चुकीच्या जागी बसलात की होस्ट बाहेर काढणार. नऊला स्टार्ट म्हणजे स्टार्ट. एखाद्याचं जेवण बाकी असेल, लाइट गेली असेल, कोणी थांबत नाही. लागोपाठ तीन-चार मॅच व्हायच्या, मग कोणीतरी स्क्रीनशॉट बघून एक्सेलमध्ये हाताने पॉइंट टेबल भरायचा. त्यावरून पहाटेपर्यंत भांडणं. यालाच स्क्रिम्स, म्हणजे सराव सामने, म्हणतात. चांगलं खेळणाऱ्यांना वरच्या लॉबीत बोलावणं येई. टी थ्री, टी टू आणि सर्वांत वर टी वन अशी उतरंड कुठल्याही संघटनेने ठरवली नाही, ती रात्री जागून आपोआप लागली.

क्लासिक गाजवून आलेल्या पोरांचा पहिला स्क्रिम बहुधा सारखाच जातो. चारही जण पहिल्या दहा मिनिटांत मरून लॉबीत परत. कारण इथे बॉट नाही. सोळा टीम, चौसष्ट माणसं आणि सगळी शहाणी. क्लासिकमध्ये पहिल्या झोनपर्यंत अर्धा मॅप रिकामा होतो. चांगल्या स्क्रिममध्ये चौथा झोन येईपर्यंत बहुतेक टीम जिवंत असतात आणि सगळ्यांना त्याच छोट्या वर्तुळात शिरायचं असतं. एरांगेल या मॅपवर झोन मिलिटरी बेसच्या बेटावर गेला की हे नीट कळतं. बेटाला जोडणारे पूल दोनच. क्लासिकमध्ये लोक गाडी दामटत पुलावरून जातात आणि कधीकधी पोचतातही. रूममध्ये पुलाच्या पलीकडे कोणीतरी आधीच गाड्या आडव्या लावून बसलेलं असतं. मग बोट शोधायची, की पोहत जायचं, की कडेला थांबून मागून येणाऱ्यांना अडवायचं? आणि हे चौघांनी वेगवेगळं ठरवून चालत नाही.

म्हणून आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर, आला. टीममधला एकच माणूस निर्णय घेणार, बाकीचे ऐकणार. 'रोटेट करा' म्हटलं की समोरचा नॉक, म्हणजे गोळी लागून खाली पडलेला, असला तरी त्याला सोडून पुढच्या जागेकडे निघायचं. सांगायला सोपं वाटतं, पण मित्रांच्या टोळक्यात हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. कालपर्यंत बरोबरीने शिव्या घालणारा आज हुकूम सोडणार आणि आपण 'हो' म्हणणार! बऱ्याच टीम फुटल्या त्या इथे. नेम खराब म्हणून फारशा कोणी फुटल्या नाहीत. आयजीएलबरोबर बाकीच्या भूमिकाही पक्क्या झाल्या: पुढे घुसणारा असॉल्टर, मागून कव्हर देणारा सपोर्ट, लांबून टिपणारा स्नायपर. बोलणंही बदललं. "अरे इकडे आहे, इकडे आहे" याच्या जागी होकायंत्राच्या अंशांत "दोनशे दहा, झाडामागे, एक नॉक, फिनिश नको, दुसरा उचलायला येईल."

हातही बदलले. दोन अंगठ्यांनी खेळताना चालणं आणि नेम दोन्ही त्या अंगठ्यांवरच, त्यामुळे गोळी झाडायची तर नेम सोडावा लागतो. तर्जन्या वर आणून तीन-चार बोटांनी खेळायला लागलं की तिन्ही गोष्टी एकत्र होतात. त्यावर जायरोस्कोप, म्हणजे फोन तिरपा करून नेम धरणं. सवय मोडून नवी लावायला महिनाभर वाईट खेळावं लागतं, आणि टाइमपासवाला तिथेच परत फिरतो.

अधिकृत स्पर्धा आल्या त्या या पायावर. २०१८ च्या उत्तरार्धात कॉलेजांसाठी कॅम्पस चॅम्पियनशिप झाली. मार्च २०१९ मध्ये हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सिरीजची फायनल झाली, ती टीम सोलने जिंकली आणि ३० लाख घेतले. मुंबईकडचा नमन माथुर, म्हणजे मॉर्टल, त्या विजयाने घराघरात पोचला. त्याच जुलैत सोल बर्लिनला पीएमसीओ या पबजी मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या जागतिक फायनलला गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये फनॅटिकसारखी परदेशी संस्था भारतीय टीम घेऊन उतरली. गोव्याचा जोनाथन अमराल याच काळात पुढे आला. आपल्या चेतन चांदगुडेने, म्हणजे क्रॉन्टेनने, उभी केलेली गॉडलाइक ही संस्था पुढे जोनाथनचं घर झाली.

या सगळ्यात गुणांच्या पद्धतीकडे कमी लोक बघतात, आणि मला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. फिनिशला, म्हणजे समोरच्याला पुरतं संपवण्याला, एक गुण, हे पहिल्यापासून ठरलेलं. पहिल्या नंबराचे गुण मात्र घटत गेले. २०१९ च्या पीएमसीओत ते २० होते, नंतर १५ झाले, आता १० आहेत. दोन फिनिश करून शेवटपर्यंत लपून राहिलेल्या विजेत्याला तेव्हा २२ गुण मिळत, आता १२. आठव्या नंबरावर गारद झालेली पण दहा फिनिश घेतलेली टीम आज ११ गुणांवर असते, म्हणजे विजेत्याच्या एक पाऊल मागे. 'कॅम्पर'चा, म्हणजे लपून बसणाऱ्याचा, भाव उतरून 'फ्रॅगर'ला, म्हणजे मारत सुटणाऱ्याला, भाव आला तो पोरांची वृत्ती बदलली म्हणून नाही, टेबल बदललं म्हणून. हिशेब बदलला की खेळ बदलतो.

बाहेर मात्र वेगळंच वारं होतं. जानेवारी २०१९ मध्ये परीक्षेवरच्या चर्चेत पंतप्रधानांनी एका आईला विचारलेला 'ये पबजीवाला है क्या?' हा प्रश्न अजून लोकांच्या तोंडी आहे. त्याच सुमारास एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. मार्चमध्ये राजकोटला तर खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी पकडलं. म्हणजे हैदराबादमध्ये ३० लाखांचा चेक आणि राजकोटमध्ये गुन्हा, दोन्ही एकाच महिन्यात. घरी 'स्क्रिम आहे' म्हणून सांगायची कोणाची हिंमत होणार?

ऑगस्ट २०२० मध्ये ऑरेंज रॉक ही टीम पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात दुसरी आली. भारतीय टीमची तोवरची ती सर्वांत मोठी मजल. महिना उलटायच्या आत, २ सप्टेंबरला, सरकारने ११८ अॅप बंद केली आणि त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. काही टीम कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलकडे वळल्या, काही फ्री फायरकडे. गेम नवा असला तरी रात्री नऊला जमायचं, आयजीएलचं ऐकायचं, हे जुनंच राहिलं. २ जुलै २०२१ ला क्राफ्टनने, म्हणजे पूर्वीच्या ब्लूहोलने, बीजीएमआय हा भारतापुरता पबजी आणला तेव्हा तयार टीम मिळायला वेळ लागला नाही तो त्यामुळेच. त्या वर्षीच्या बीजीआयएसचं, म्हणजे बीजीएमआयच्या इंडिया सिरीजचं, दार सर्वांना खुलं होतं. गेममध्येच पंधरा मॅच खेळायच्या, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या, त्यावरून १०२४ टीम निवडायच्या आणि फायनलला सोळा. ती स्कायलाइट्झ या टीमने जिंकली.

२०२२ हे मला या खेळाचं सर्वांत भरलेलं वर्ष वाटतं. सोलने जुने मोहरे बाजूला ठेवून आयजीएल ओमेगासह चार 'अंडरडॉग' पोरं घेतली, स्क्रिम्समधून वर आलेली, आणि त्यांनी बीजीएमआयची दोन कोटींची प्रो सिरीज जिंकली. मास्टर्स सिरीज ही दुसरी स्पर्धा टीव्हीवर, स्टार स्पोर्ट्सवर, दिसली. आजोबांच्या रिमोटवर चौसष्ट जणांची मारामारी! तीही जुलैत ग्लोबल ईस्पोर्ट्सने जिंकून झाली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला बीजीएमआय दोन्ही स्टोअरवरून गायब झाला. गेम देशात मिळत नसताना सोलची पोरं ऑगस्टमध्ये रियाधला खेळायला गेली. डिसेंबरात केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं. खेळाला मान्यता होती आणि गेम मात्र बंद होता. २९ मे २०२३ ला तो परत आला, अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घेऊन. ऑक्टोबरात बीजीआयएसची फायनल मुंबईत झाली आणि ग्लॅडिएटर्सने ती नेली. पुढच्या वर्षी हैदराबादला एक्सस्पार्कने.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून जागा आहे, स्पर्धेत उतरण्यासाठी प्रवेश शुल्क चालतं आणि कामगिरीवरचं बक्षीसही चालतं, मात्र ती स्पर्धा मान्यताप्राप्त आणि नोंदलेली हवी. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद. मोठ्या टीमना याने फरक पडत नाही, त्यांना प्रायोजक आहेत आणि नवी मुंबईत बूटकॅम्प, म्हणजे एकत्र राहून सराव करायच्या जागा, आहेत. अडचण आहे ती पेड रूमची. माणशी वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, होस्टने आपला वाटा काढायचा आणि उरलेले पहिल्या तीन टीमना द्यायचे, हा प्रकार कोणाकडे नोंदलेला नाही. त्यात फसवणूकही भरपूर होती, मॅच झाली की ग्रुप डिलीट करून पळणारे होस्ट सगळ्यांना माहीत आहेत. तरी टी थ्रीमधल्या पोरांना हरण्याची किंमत कळली ती याच रूममध्ये, कारण फुकटच्या स्क्रिममध्ये पहिल्या मिनिटाला मेलेली टीम हसत निघून जाते. नव्या कायद्याने ही रूम बंद पाडायची की तिला नोंदणीचा सोपा रस्ता द्यायचा, हे ठरवणाऱ्यांनी एकदा पावणेनऊला स्लॉट लिस्ट उघडून बघावी.