चांद्रयान उतरताना पडद्यावर दिसलं ते चित्रण की ऍनिमेशन?

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर, म्हणजे उतरणारं यान, चंद्रावर टेकला. त्या वेळी इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून अधिक जण पाहत होते. टीव्हीवर पाहणारे वेगळेच. सगळ्यांनी पाय पसरून सावकाश खाली येणारं सोनेरी यान पाहिलं. ते दृश्य संगणकाने रेखाटलेलं होतं. पुढचे काही दिवस काही जण ते ‘चंद्रावरचं थेट चित्रण’ म्हणून एकमेकांना पाठवत होते, आणि काही जण ‘कार्टून दाखवून फसवलं’ म्हणत होते. दोन्ही बाजूंची गल्लत एकच आहे. यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि यानाच्या माहितीवर चालणारं ऍनिमेशन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्या मोठ्या एचडी पडद्यावर त्यांच्यातला फरक नेमका उलटा भासतो: जे रेखाटलेलं असतं ते जास्त लख्ख दिसतं.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. यान बाहेरून दिसत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: कॅमेरा कोणाच्या हातात आहे? उतरत्या विक्रमच्या शेजारी दुसरं यान उडत नव्हतं, त्यामुळे तो बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. खरा कॅमेरा यानावर बसवलेला असतो आणि तो बाहेर पाहतो. त्यात येते खालची जमीन, खड्डे, फार तर स्वतःचा एखादा पाय. उतरल्यानंतर इस्रोने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या चित्रांपैकी एकात लँडरचा पाय आणि त्याची सावली दिसते, ती अशीच. विक्रमचा चंद्रावरच्या जमिनीवरून घेतलेला फोटो आपल्याला मिळाला तो ३० ऑगस्टला, विक्रममधून उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरच्या, म्हणजे चाकांच्या छोट्या गाडीच्या, कॅमेऱ्यातून, आणि तो कृष्णधवल होता.

आता ऍनिमेशन. यान उतरत असताना सतत काही आकडे पृथ्वीकडे पाठवत असतं: उंची, आडवा वेग, उभा वेग, कलण्याचा कोन, इंजिनांची स्थिती. या आकड्यांच्या प्रवाहाला टेलिमेट्री म्हणतात. बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात शास्त्रज्ञ डोळे लावून बसले होते ते या आकड्यांवर आणि त्यांच्या आलेखांवर. प्रेक्षकांना समजावं म्हणून त्याच आकड्यांना चित्राची जोड दिली जाते. टॅक्सी मागवल्यावर मोबाईलच्या नकाशावर जी इवलीशी गाडी सरकताना दिसते ती कोणी खोटी म्हणत नाही. गाडीचं चित्र काढलेलं असतं, पण ती कुठल्या चौकात पोहोचली ही माहिती खरी असते.

अर्थात सगळी ऍनिमेशन्स एका जातीची नसतात. मोहिमेच्या आधी तयार करून ठेवलेली फीतही वाहिन्या मधूनमधून लावतात. तिचा त्या क्षणाशी काही संबंध नसतो. मोहीम फसली तरी फितीतलं यान सुखरूपच उतरतं. म्हणून चित्राच्या बाजूला बदलते आकडे आहेत का, हे आधी पाहावं. आकडे नसतील तर ते दृश्य सजावट म्हणूनच घ्यावं.

आकड्यांची किंमत काय असते ते आपण ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पाहिलं. चांद्रयान-२ चा लँडर उतरत होता. नियंत्रण कक्षातल्या आलेखावर ठरलेल्या मार्गाची लाल रेषा होती आणि तिच्यावरून हिरवा ठिपका सरकत होता. मग ठिपका रेषेपासून ढळला आणि काही वेळाने थांबला. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारं ठरल्याप्रमाणे होतं, त्यानंतर संपर्क तुटला, असं इस्रोने जाहीर केलं. घोषणेच्या आधीच ज्यांना काळजी वाटू लागली होती, ते त्या ठिपक्याकडे पाहत होते. मला तो आलेख कुठल्याही देखण्या दृश्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात वाईट बातमीही तितक्याच सरळपणे उमटते.

मग खरं चित्रण थेट का दाखवत नाहीत? चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. सिग्नल सव्वा सेकंदाच्या आसपास पोहोचतो, तेव्हा अडचण वेळेची नाही; अडचण आहे त्या सिग्नलमध्ये किती माहिती बसते याची. चांद्रयान-३ ने उतरायला सुरुवात केली ती सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला १.६८ किलोमीटर या आडव्या वेगाने. तो वेग मोडत मोडत आडवं यान उभं होतं, त्यामुळे अँटेनाची दिशाही बदलत राहते. अशा वेळी आधी जातात ते यानाच्या प्रकृतीचे आकडे. शिवाय विक्रमवरचे सगळे कॅमेरे आपल्यासाठी नव्हते. एक कॅमेरा जमिनीची चित्रं घेऊन यानाचा आडवा वेग मोजायला मदत करत होता, दुसरा उतरायच्या जागी खडक-खड्डे आहेत का ते तपासत होता. सुमारे १५० मीटर उंचीवर यान अधांतरी थांबलं ते याच तपासणीसाठी. लँडरच्या कॅमेऱ्याने उतरताना केलेलं चित्रण इस्रोने दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला प्रसिद्ध केलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरला, तेव्हा बंगळुरूत जन्मलेल्या स्वाती मोहन उतरण्याचा एकेक टप्पा जाहीर करत होत्या, तो येणाऱ्या माहितीवरून. पॅराशूट उघडतानाचं ते थक्क करणारं चित्रण जगाने पाहिलं २२ फेब्रुवारीला. आणि १९६९ साली अपोलो-११ उतरताना खिडकीतून घेतलेली १६ मिलिमीटरची फिल्म तर अंतराळवीरांबरोबरच पृथ्वीवर आली.

पृथ्वीजवळच्या मोहिमांचं गणित वेगळं आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगन यानातून अंतराळ स्थानकावर गेले, ते स्थानकाला जोडलं जाताना दिसलं ते खऱ्या कॅमेऱ्यांतून. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे, दळणवळण उपग्रहांची साखळी हाताशी आहे, आणि स्थानकावरचा कॅमेरा येणारं यान बाहेरून टिपू शकतो. इथे ‘कॅमेरा कोणाच्या हातात आहे?’ हा प्रश्न विचारला तर त्याचं सरळ उत्तर मिळतं.

मग चंद्रावरची मोहीम घरी पाहताना एचडी कशासाठी? माझं मत ठाम आहे: आकड्यांसाठी. ऍनिमेशनमधलं यान ४८०पी वरही यानासारखंच दिसतं, पण कोपऱ्यातले उंची-वेगाचे बारीक आकडे आणि आलेखाची रेषा त्या दर्जात पुसट होतात. यूट्यूबवर दर्जा ‘ऑटो’ वर असेल तर लाखो लोक एकदम पाहत असताना नेट जरा मंदावलं की चित्र गुपचूप खालच्या दर्जावर जातं. सुरुवातीलाच सेटिंग्जच्या चक्रात जाऊन १०८०पी निवडा. मध्येच अडखळू लागलं तर ७२०पी करा, त्याखाली शक्यतो जाऊ नका.

आणखी एक: इंटरनेटवरचं ‘थेट’ प्रक्षेपण बऱ्याचदा टीव्हीच्या काही सेकंद मागे असतं. शेजारी टीव्हीवर पाहत असतील तर त्यांच्या टाळ्या तुमच्या पडद्याआधी ऐकू येतील. यान उतरण्याच्या त्या साधारण २० मिनिटांचा ताण स्वतः अनुभवायचा असेल तर दूरदर्शन लावा, आणि खरं चित्रण इस्रोच्या अधिकृत खात्यावर नंतर सावकाश पाहा.