तिशीतल्या बाईचे प्रश्न आणि स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास

पंचविशी-तिशीत स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांचे प्रश्न वेगळे असतात. पाळी परत येईल का? मूल होईल का? लग्न ठरताना सांगायचं की नाही? या प्रश्नांना उपचारांच्या इतिहासात फार उशिरा जागा मिळाली. कितीतरी वर्षं तिथे बाई जगली की नाही, एवढंच मोजलं जात होतं.

अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा अहवाल मांडला. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. हात सुजे, छाती खोल जाई, तरी अनेक दशकं हीच रीत चालली. त्यात गाठीचा तुकडा तपासणं आणि स्तन काढणं एकाच भुलीत उरकत. जाग येईल तेव्हा स्तन असेल की नाही, हे बाईला झोपताना ठाऊक नसे. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत याला साफ नकार दिला आणि पुढे त्याविरुद्ध लढल्या. दरम्यान इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जनांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते, हे त्यांच्या वीस वर्षांच्या निकालांनी २००२ साली पक्कं केलं.

स्तन वाचू लागला, पण तरुण बाईची अडचण तिथे संपत नव्हती. केमोने बीजांडं कमी होतात, कधी पाळी कायमची जाते. हॉर्मोनवर वाढणाऱ्या गाठीसाठी टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्याव्या लागतात आणि त्या काळात गर्भ राहू द्यायचा नसतो. चौतिसाव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या तर मूल होण्याचं वयच त्यात निघून जातं. शिवाय गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढून आजार उलटेल, ही डॉक्टरांची धास्ती.

त्या धास्तीची नीट परीक्षा व्हायला २०२३ साल उजाडलं. 'पॉझिटिव्ह' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या ५१८ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग मुलासाठी त्या थांबवल्या. ज्यांच्या गरोदरपणाचा मागोवा घेतला, त्यांतल्या ७४ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, तुलनेच्या गटात ९.२. कोणीतरी हा प्रश्न अभ्यासाच्या लायकीचा मानला, याचंच मला मोल वाटतं.

निदानाची गोष्टही अशीच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक बायकांवर मोठी चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत. २०२१ च्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याहून लहान वयात तसा ठोस फायदा दिसला नाही. पस्तिशीच्या आतल्या बायका तर या चाचणीत नव्हत्याच. तरुण स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीतही गाठ लपते, आणि बाळंतिणीची गाठ 'दुधाची असेल' म्हणून महिनोन्‌महिने तशीच राहते.

बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याची सोय आता आपल्या मोठ्या शहरांत आहे. त्याला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोआधीच करावं लागतं. म्हणून मुलाचा विषय डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत काढायला हवा, बाई अविवाहित असली तरीही.