वाळा की देवगांडूळ?

पावसाळ्यात कोकणात शेणखताचा ढीग उकरताना गांडुळासारखं काहीतरी वळवळतं. त्याने जबडा उघडला तर ते गांडूळ नव्हे, कणा असलेला प्राणी आहे. बहुधा वाळा किंवा देवगांडूळ. माणसाला दोघांपासूनही धोका नाही, तरी फावड्याचा घाव दोघांवरही पडतो.

वाळा हा साप, वीतभरही नसतो. अंगावर चकचकीत खवले, स्पर्श कोरडा, शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा. याचा नर आजवर सापडलेला नाही. मादी एकटीच प्रजा वाढवते, त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एखादी जरी परदेशी गेली तरी तिथे बस्तान बसतं. देवगांडूळ मात्र उभयचर, म्हणजे बेडकाचं भावंड. अंग बुळबुळीत, त्वचेवर वळ्या, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे इवलीशी स्पर्शिका. हातात भिंग असेल तर आधी ती शोधावी.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये देवगांडुळांना सापांतच बसवलं होतं. त्यात त्याची फार चूक नव्हती. पाय नाहीत, शरीर लांबट, आणखी काय हवं? १८११ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ओपेलने त्यांना बेडकांच्या पंगतीत आणलं. पुढे १८३१ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलरला देवगांडुळाच्या एका पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रं दिसली. सापाच्या पिल्लाला ती कधीच नसतात.

म्हणजे डोळ्यात पहिल्यांदा भरणारी खूणच इथे फसवी. या दोघांचा समाईक पूर्वज सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याला चार पाय होते. पुढे दोन्ही घराण्यांनी ते आपापले, वेगवेगळ्या काळी गमावले. एकसारख्या राहणीतून येणाऱ्या अशा सारखेपणाला अभिसारी उत्क्रांती म्हणतात, आणि नातं जुळवताना जीवशास्त्रज्ञ तो बाजूला काढतात. तो काढला की वंशवृक्षात वाळा देवगांडुळापेक्षा चिमणीच्या जवळ जाऊन बसतो!

शास्त्रीय नावांनी तरी गोंधळ मिटावा, तर तेही नाही. वाळा आहे 'इंडोटिफ्लॉप्स', आणि खंडाळ्याहून नोंदवलेलं एक देवगांडूळ 'इंडोटिफ्लस'. दोन्हींतला 'टिफ्ल' ग्रीक, अर्थ आंधळा. एखाद्या संग्रहालयात या दोन बरण्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या तर मी कारकुनाला बोल लावणार नाही.