गॅस लागला म्हणजे साठा मिळाला असं नव्हे

सांगली-साताऱ्याच्या पेपरांत गॅसच्या बातम्या दोन तऱ्हेच्या येतात. रस्ता उकरून घरोघरी पाइप नेणारी कंपनी, ही पहिली. ही कंपनी गॅस शोधत नाही. बाहेरून आलेला गॅस चुलीपर्यंत पोचवते, आणि त्याची परवानगी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ देतं. खोदलेल्या रस्त्यांमुळे हे सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून इथे एवढंच. पाटण तालुक्यात गोठण्याला खोदलेल्या तीन किलोमीटर खोल बोअरचाही गॅसशी संबंध नाही. ती कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी आहे. तिथे काळ्या कातळाखाली थेट ग्रॅनाइट लागतो, आणि गॅस मुख्यतः गाळाच्या खडकात असतो.

खरा घोळ दुसऱ्या तऱ्हेच्या बातमीत होतो. कुठेतरी समुद्रात कंपनीने विहीर घेतली, गॅस लागला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मथळा येतो : गॅसचा प्रचंड साठा सापडला. विहिरीत गॅस लागणं ही एक गोष्ट झाली. तो काढून, परवडेल अशा भावात विकता येईल इतका आहे हे ठरणं ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये कित्येक वर्षं जातात, आणि पुष्कळदा दुसरी गोष्ट येतच नाही.

जत, आटपाडी, माण, खटावच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नसावी. बोअरला पाणी लागलं म्हणून लगेच कोणी डाळिंब लावत नाही. किती इंच लागलं, मोटर सलग किती तास चालते, एप्रिलात काय उरतं, हे आधी बघतात. पाण्याच्या बातमीत हे प्रश्न आपले वार्ताहर बरोबर विचारतात. गॅसच्या बातमीत मात्र त्यातला एकही येत नाही, याचा मला राग आहे.

ताजं उदाहरण अंदमानचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं जाहीर झालं. विहीर ऑइल इंडिया या सरकारी कंपनीची, किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर, २९५ मीटर पाण्यात. २,२१२ ते २,२५० मीटर खोलीच्या थरात प्राथमिक चाचणी झाली आणि नमुन्यात ८७ टक्के मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक, निघाला. हा ८७ चा आकडा मोठ्या टायपात छापला की वाचकाला वाटतं, भरपूर गॅस आहे. पण तो आकडा वायूची जात सांगतो, वायू किती आहे हे सांगत नाही. साठ्याचा आकार आणि तो परवडेल की नाही हे पुढच्या काही महिन्यांत तपासलं जाईल, असं पेट्रोलियममंत्र्यांनी त्याच घोषणेत म्हटलं होतं. बातमीचा प्राण त्या वाक्यात होता. जागा कमी पडली की जिल्हा आवृत्तीत बातमी खालून कापतात, आणि असली वाक्यं नेमकी खालीच असतात.

गॅस लागल्यावर कंपनी हायड्रोकार्बन महासंचालनालयाला, म्हणजे तेल-वायूच्या शोधावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाला, कळवते. मग आजूबाजूला आणखी विहिरी घेऊन थर किती पसरलाय, खडकातून वायू किती सहज वाहतो, दाब टिकतो का, हे पाहतात. त्यानंतर शोध व्यापारी दृष्ट्या फायद्याचा असल्याचं कंपनी जाहीर करते, विकास आराखडा मंजूर होतो, आणि मग पाइपलाइन. जमिनीखाली असलेला सगळा वायू वर येत नाही, आणि वर येऊ शकणारा सगळा वायू परवडत नाही.

गुजरात सरकारच्या जीएसपीसी या तेल-वायू कंपनीने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस शोधला, तेव्हा २००५ मध्ये २० लाख कोटी घनफुटांची घोषणा झाली. पुढे मंजूर आराखड्यात त्याचा दहावा हिस्साही दिसला नाही, आणि २०१७ मध्ये कंपनीने आपला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीला विकला. त्याच खोऱ्यात शेजारी रिलायन्सच्या केजी-डी६ या समुद्रातल्या पट्ट्यात तर २००२ मध्ये लागलेला गॅस एप्रिल २००९ पासून प्रत्यक्ष वाहूही लागला. आराखडा दिवसाला ८ कोटी घनमीटरचा होता. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या वर गेलं, मग घसरलं, आणि पहिली दोन गॅसक्षेत्रं, डी१ आणि डी३, फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. ही घसरण आपल्याकडे किती पेपरांनी पहिल्या पानावर घेतली?

आकड्यांबद्दलही माझा हट्ट आहे. ‘लाख कोटी’ लिहायचं तर पुढे घनफूट आहे की रुपये, हे मथळ्यातच सांगा. आणि एकूण साठ्याचा आकडा, शेजारी रोजच्या उत्पादनाचा आकडा दिल्याशिवाय छापू नका. एक लाख कोटी घनफूट म्हणजे साधारण २,८३० कोटी घनमीटर. दिवसाला ८ कोटी काढले तर वर्षभरात संपतो.

चाचणीच्या वेळी पेटवलेल्या ज्योतीचा फोटो खुशाल छापा, पण खाली ‘उत्पादन सुरू’ लिहू नका. ‘चाचणी’ लिहा. शेअर बाजारात पैसे घालणारी माणसं इस्लामपुरातही आहेत, कराडातही आहेत, आणि ती हा फोटो बघून कंपनीचा शेअर घेतात.