ब्राउझरचे सुरक्षा अपडेट

इंटरनेट वापरण्याच्या प्रोग्रॅममधले सुरक्षेचे दोष बुजवणारी दुरुस्ती. तिच्यात डोळ्यांना दिसेल असे बहुधा काही बदलत नाही, म्हणून ती आली काय अन् राहिली काय, वापरणाऱ्याला पत्ता नसतो.

गूगलच्या क्रोम या ब्राउझरमध्ये ऑगस्ट २०२३ पासून अशी दुरुस्ती साधारण दर आठवड्याला येते. कंपनीची घोषणा त्रोटक असते : दोषाचा सीव्हीई क्रमांक (म्हणजे त्या दोषाचा जगभर वापरला जाणारा ओळख क्रमांक), गंभीरता, शोधणाऱ्याचे नाव, कधी त्याला दिलेले बक्षीस. दोष नेमका कुठे आहे हे मात्र बहुतेकांकडे दुरुस्ती पोचेपर्यंत सांगत नाहीत. चोरही तीच घोषणा वाचतात. दोषाचा गैरफायदा आधीच घेतला जात आहे, अशी ओळ दिसली तर त्याच दिवशी अपडेट करावे. भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था असे इशारे देते. ते बातम्यांतून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईतो आवृत्तीचा क्रमांक गळालेला असतो आणि उरते ती नुसती भीती.

संगणकावर क्रोम दुरुस्ती आपोआप उतरवतो, पण ती लागू होते ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. तोवर कोपऱ्यातली खूण दोन दिवसांच्या आत हिरवी, चारेक दिवसांनी नारिंगी, आठवड्याने लाल होते. विदर्भातल्या खेड्यांतील सेवा केंद्रांची अडचण इथेच आहे. जुलैत पीकविम्याचे अर्ज सुरू असतात, बाहेर सातबारा घेऊन रांग उभी असते, ओटीपी यायचा असतो. पुन्हा उघडल्यावर टॅब परत येतात, पण अर्धवट भरलेला अर्ज परत येईलच असे नाही. मग लाल खूण तशीच राहते. लाइन गेली अन् इन्व्हर्टरही बसला, तर अपडेट आपसूक लागू होते!

वेबपानावरच ‘ब्राउझर जुना झाला, इथे दाबा’ असे झळकले तर ते दाबू नये. अशा पाट्यांआडून घातक फाइली उतरवल्या जातात. खरी तपासणी मेन्यूतल्या ‘हेल्प’खाली ‘अबाउट क्रोम’मध्ये होते. मोबाइलवर अपडेट प्ले स्टोअरमधून येते. ते फक्त वायफायवर ठेवले असेल आणि गावात वायफाय नसेल, तर महिनोन्महिने अडून राहते.

विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, त्यामुळे अशा संगणकावर लाल खुणेची वाट पाहण्यात अर्थ नाही.