रजिस्टर आदल्या रात्री भरू नका: दंतचिकित्सालयांसाठी माहितीपत्रक

डॉक्टर, नमस्कार.

तुमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, आम्ही बसवलेला आहे किंवा त्याची देखभाल आमच्याकडे आहे, म्हणून हे पत्रक तुमच्या हाती देत आहोत. यंत्र कसं चालवायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. पण आमच्याकडे एक ठरलेला फोन येतो : "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, यंत्राच्या नोंदींची सहा महिन्यांची फाइल तेवढी पूर्ण करून द्या." आम्ही नाही म्हणतो आणि काही डॉक्टर नाराज होतात. नाही का म्हणतो, आणि त्याऐवजी काय करून देऊ शकतो, हे एकदा नीट लिहावं असं वाटलं.

मागाहून भरलेलं रजिस्टर लगेच कळतं

महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. तापमान दर वेळी नेमकं 134.0 अंश. दवाखाना बंद असलेल्या दिवशीही दोन सायकल, म्हणजे यंत्राच्या दोन फेऱ्या. रजेवर असलेल्या असिस्टंटची सही. हे सगळं सांभाळून लिहिलं तरी बहुतेक यंत्रांत सायकल मोजणारा काउंटर असतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. काउंटर आणि रजिस्टर यांचा मेळ बसला नाही, की ज्या नोंदी खरोखर त्या त्या दिवशी केल्या होत्या त्यांच्यावरचाही विश्वास उडतो.

आमचा तंत्रज्ञ आल्यावर यंत्र उघडण्याआधी रजिस्टर मागतो, याची काहींना चीड येते. कारण साधं आहे. काउंटर आणि नोंदी जुळल्या तर बिघाड कधी सुरू झाला ते तिथेच समजतं. जुळल्या नाहीत तर अर्धा दिवस पानं चाळण्यात जातो, दुरुस्ती राहते आणि दुसरी खेप पडते. तेवढा वेळ यंत्र बंद, म्हणजे तुमच्या अपॉइंटमेंटही पुढे.

आणखी एक गोष्ट. वर्षभरात एकही सायकल फसलेली नाही असं रजिस्टर आम्हाला अस्वस्थ करतं. दाराचं रबर झिजतं, पाणी संपतं, वीज जाते, घाईत उपकरणांचे पाउच (बंद पाकिटं) एकावर एक कोंबले जातात. "सायकल अर्धवट थांबली, लोड (त्या फेरीतली उपकरणं) वापरला नाही, पाउच बदलून पुन्हा लावला" अशी एक ओळ आणि खाली सही, ही तुमच्या दवाखान्याची कमजोरी नव्हे. इथे कुणीतरी लक्ष ठेवून आहे, याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

नोंद वाचायलाही हवी

1972 साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या रुग्णालयात शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्या दूषित निघाल्या आणि रुग्ण दगावले. चौकशीत कळलं, की त्या बाटल्या ज्या ऑटोक्लेव्हमधून निघाल्या, त्याच्या तळाशी हवा अडकून राहिली होती आणि तिथल्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नव्हती. तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाने ते दाखवलं होतं. पण ते उपकरणच बिघडलं असेल असं समजून त्याच्याकडे दुर्लक्ष झालं.

तुमच्या हँडपीसच्या (दात कोरायच्या उपकरणाच्या) बारीक पोकळीत अडकते ती हीच हवा. म्हणून पोकळ उपकरणांसाठी आम्ही बी प्रकारचं यंत्र घ्यायला सांगतो. ते वाफ सोडण्याआधी व्हॅक्यूमने हवा अनेक टप्प्यांत ओढून काढतं. 134 अंशांना 3 मिनिटं किंवा 121 अंशांना 15 मिनिटं, हा हिशेब वाफ उपकरणाला प्रत्यक्ष भिडल्यावरच लागू होतो. पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे तो पाउच यंत्रातून जाऊन आला, एवढंच समजायचं. आतले जंतू मेले का, हे सांगायला स्पोअर टेस्ट लागते. त्यात जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जीवाणूचे बीजाणू (स्पोअर) असलेली पट्टी यंत्रातून काढून, त्यात वाढ होते का ते बघतात. त्याच लॉटमधली एक पट्टी यंत्रात न घालता तशीच वाढवायची असते, आणि तिच्यात वाढ दिसायलाच हवी. ती दिसली नाही तर चाचणीच बाद. ही दुसरी पट्टी वाचवण्याचा मोह फार जणांना होतो. कृपया नको.

समजा स्पोअर टेस्ट फसली, यंत्र थांबवून पुन्हा केली आणि पुन्हा फसली. मग शेवटच्या चांगल्या चाचणीनंतरची उपकरणं शोधून परत घ्यावी लागतात. पाउचवर लोड क्रमांक आणि तोच रुग्णाच्या केसपेपरवर असेल, तर हे काम तासाभरात उरकतं. नसेल तर कोणत्या रुग्णाला काय वापरलं, याचं उत्तर कुणाजवळही नसतं. आदल्या रात्री भरलेल्या रजिस्टरमधून ते मिळणार नाही.

यंत्राच्या प्रिंटरचा कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणारा असतो. ऊन, उष्णता आणि प्लास्टिकच्या फाइल-पाकिटांमुळे अक्षरं उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन काढून ठेवा.

सही कुणाची, आणि थांबवायचं कुणी

खरी अडचण वहीची नसतेच. एका दवाखान्यात आम्ही असिस्टंटताईंना विचारलं, की सायकल फसली तर तुम्ही काय करता? त्या डॉक्टरांकडे बघत गप्प राहिल्या. बाहेर रुग्ण बसलेले असताना "मशीन बंद आहे, थोडं थांबावं लागेल" असं सांगायला त्या घाबरत असतील, तर वहीत 134 च लिहिलं जाणार. तिथे आमचा तंत्रज्ञ काहीही करू शकत नाही. तिथे तुम्हीच लागता.

म्हणून एका व्यक्तीचं नाव लिहून ठरवा आणि ती रजेवर असताना कोण, तेही. यंत्र थांबवण्याचा अधिकार तिला सर्वांसमोर द्या. काम दुसऱ्यावर सोपवता येतं, उत्तरदायित्व मात्र क्लिनिक ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच राहतं, म्हणून आठवड्यातून एकदा रजिस्टर स्वतः वाचून सही करा. महिन्यातून वीस मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसा : काय फसलं, काय बदललं, कुणाचं प्रशिक्षण राहिलं. चार ओळींचं इतिवृत्त पुरे. इमर्जन्सी ट्रेमधल्या औषधांच्या मुदती, एक्स-रेची कागदपत्रं आणि स्टाफचं हिपॅटायटिस बी लसीकरणही याच बैठकीत बघून घेता येतं.

आम्ही काय करून देतो

मागच्या तारखेच्या नोंदी आणि यंत्र न पाहता कॅलिब्रेशनचं (यंत्राची मापं अचूक असल्याचं) प्रमाणपत्र, या दोन गोष्टी आम्ही देत नाही. ओळखीच्या डॉक्टरांनाही नाही. आमच्या सहीवर तुम्ही विसंबता, तिची किंमत आम्हीच कमी करून कसं चालेल?

नोंदी राहिल्याच असतील, तर जागा कोरी ठेवा. खाली "या तारखांच्या नोंदी उपलब्ध नाहीत" असं आजच्या तारखेने, कारणासह लिहून सही करा आणि आजपासून नीट सुरुवात करा. काउंटरचा आजचा आकडा आम्ही प्रमाणित करून देतो, म्हणजे पुढचा हिशेब पक्का होतो. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना छापील रजिस्टर, लोड क्रमांकाची लेबलं आणि असिस्टंटसाठी तुमच्याच यंत्रावर अर्ध्या तासाचं शिक्षण करारातच मिळतं. करार नसेल तरी त्या अर्ध्या तासासाठी आम्हाला बोलवा.

फोन करताना यंत्राचं मॉडेल, काउंटरचा आकडा आणि शेवटचे तीन प्रिंटआउट जवळ ठेवा. प्रिंटआउटचा फोटो आधी पाठवलात, तर तंत्रज्ञ लागणारा सुटा भाग बरोबर घेऊनच निघेल.